चिलखत सांध्यापाशी तुटते

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा त्याने नारळी-पोफळीच्या बागा जशा झोपविल्या तसेच विजेचे खांबही आडवे केले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांतील कित्येक गावांनी त्यानंतरचे अनेक दिवस, काहींनी तर आठवडे, अंधारात काढले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ कोकणच्या किनाऱ्याला घासून गेले आणि तोच अनुभव पुन्हा आला. तेव्हापासून कोकणात, आणि कोकणाचे पाहून इतरत्रही, एक मागणी जोर धरून आहे : वीजवाहिन्या जमिनीखाली घ्या. अलिबाग, रत्नागिरी यांसारख्या किनारी शहरांसाठी तशी कामेही हाती घेण्यात आली.

मागणी रास्त आहे, आणि ती काही जगावेगळीही नाही. मुंबई बेटावर ‘बेस्ट’चे वीजवितरण जवळजवळ संपूर्णपणे भूमिगत केबलींतून होते; तेथील नागरिकाला डोक्यावरची उघडी तार ठाऊकच नाही. प्रस्तुत लेखकाचा विरोध आहे तो या मागणीला नव्हे, तर तिच्या पाठोपाठ येणाऱ्या एका समजुतीला. वीज एकदा जमिनीखाली गेली की ती सुरक्षित झाली, असे आपण धरून चालतो. खांबावरची तार तुटली तर ती रस्त्यात पडलेली दिसते. जमिनीखालची चूक दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याची जबाबदारी कोणावर टाकावयाची, हेही मग आपल्याला सुचत नाही. कारखान्यांच्या विद्युत विभागांत उमेदीची वर्षे घालविल्यामुळे ही अदृश्य चूक कोठे असते याचा थोडाफार अनुभव पदरी आहे. ती केबलीत क्वचित असते. ती सांध्यात असते.

वाचकांपैकी अनेकांनी रस्त्याच्या कडेला लाकडी चक्रावर गुंडाळलेली काळी, मनगटाएवढी जाड केबल पाहिली असेल. तिचा आडवा छेद घेतला तर आत ॲल्युमिनियमचे तीन किंवा साडेतीन गाभे दिसतात. साडेतीन म्हणावयाचे ते चौथा, न्यूट्रलचा गाभा इतरांच्या निम्म्या जाडीचा असतो म्हणून. प्रत्येक गाभ्यावर त्याचे निरोधक वेष्टण, सर्वांना मिळून एक आतले आवरण, त्यावर जस्तलेपित पोलादी तारांचा किंवा पट्ट्यांचा गोल वेढा आणि सर्वांत बाहेर काळे प्लास्टिक. तो पोलादी वेढा म्हणजे केबलीचे चिलखत. ‘आर्मर्ड केबल’ हे नाव त्यावरूनच आले.

हे चिलखत कशासाठी, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील की कुदळ-फावड्यापासून रक्षणासाठी. हे उत्तर चूक नाही, परंतु ते अर्धेच आहे. जेसीबीचा दात बसला तर पोलादाच्या त्या तारा फार काळ टिकत नाहीत. चिलखताचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. ते जमिनीशी, म्हणजे अर्थिंगशी, जोडलेले असते. बाहेरची कोणतीही धातूची वस्तू आतल्या जिवंत गाभ्यापर्यंत पोहोचण्याआधी तिला या भूसंपर्कित वेढ्यातून जावे लागते. त्यामुळे फाळ आत घुसताच वीज माणसाच्या अंगातून वाट शोधत नाही. ती चिलखतातून परत ट्रान्सफॉर्मरकडे धावते आणि तेथला फ्यूज उडतो.

या तत्त्वाची परीक्षा सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मोठ्या नाट्यमय रीतीने झाली होती. सेबॅस्टियन द फेरांती या तरुण अभियंत्याने लंडनजवळ डेप्टफर्ड येथे वीजकेंद्र उभारले आणि १८९० च्या सुमारास तेथून दहा हजार व्होल्ट दाबाची वीज शहरात नेण्याचा घाट घातला. त्या काळच्या मानाने हा दाब अघोरीच होता. त्याची केबल म्हणजे एकात एक बसविलेल्या तांब्याच्या दोन नळ्या आणि मध्ये मेण पाजलेला तपकिरी कागद. बाहेरची नळी त्याने जमिनीशी जोडली. अशा केबलीवर कोणी पहार मारली तर काय होईल, ही शंका घेणाऱ्यांसमोर त्याच्या एका सहाय्यकाने चालू केबलीवर छिन्नी हातात धरली आणि दुसऱ्याने घणाचा घाव घालून ती आरपार घुसविली. छिन्नी धरणाऱ्याला काही झाले नाही. हा प्रयोग कोणीही करून पाहू नये हे सांगावयास नकोच. पण बाहेरचे धातूचे आवरण अखंड आणि भूसंपर्कित असणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण माझ्या आढळात नाही.

त्याच फेरांतीच्या केबलीत मात्र एक गोष्ट डोकेदुखीची होती. तिच्या नळ्या वीस-वीस फुटांच्या होत्या, म्हणजे दर मैलाला अडीचशेहून अधिक सांधे. आजची केबल चक्रावर काही शे मीटर लांबीची येते, त्यामुळे सांधे पुष्कळ कमी झाले. तरी ते टळलेले नाहीत. आणि जेसीबीच्या प्रत्येक घावागणिक एकाऐवजी दोन नवे सांधे घालावे लागतात, कारण दुखावलेला तुकडा काढून मध्ये नवा जोडावा लागतो. गटाराचे, नळाचे, दूरसंचाराचे असे पाळीपाळीने खणले जाणारे आपले रस्ते पाहता, जुन्या वस्तीतील एखादी केबल म्हणजे काही वर्षांनी ठिगळांची गोधडी होते.

आता सांध्यात काय घडते ते पाहू. दोन केबलींची टोके समोरासमोर आणून गाभे जोडावयाचे, तर चिलखत दोन्ही बाजूंनी कापून मागे सारावेच लागते. म्हणजे जेथे केबल सर्वांत दुबळी, तेथेच चिलखत तुटलेले. गाभे जोडले की दिवे लागतात. चिलखत जोडले नाही तरीही दिवे लागतातच. सगळी गोम येथे आहे.

थोडे गणित करू, कारण ते शाळकरी मुलालाही येण्याजोगे आहे. समजा, उपकेंद्रापासून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी पेटीपर्यंत केबल आली आहे, वाटेत एक सांधा आहे आणि उपकेंद्रात १०० अँपिअरचा फ्यूज आहे. पेटीत एका गाभ्याचे वेष्टण फाटून तो पत्र्याला टेकला. चिलखत अखंड असेल तर परतीच्या संपूर्ण वाटेचा विरोध, समजा, ०.२ ओहम. २३० व्होल्टांना ०.२ ने भागले की प्रवाह ११५० अँपिअर; फ्यूज डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उडतो. पण सांध्यात चिलखत जोडलेलेच नसेल, तर पेटीपाशी पुरलेला अर्थिंगचा खांब आणि मधली माती एवढीच परतीची वाट उरते. तिचा विरोध १० ओहम धरा. प्रवाह झाला २३ अँपिअर. शंभराच्या फ्यूजला त्याची दखलही नाही. तो आठवडाभर तसाच वाहू देईल, आणि त्या २३० व्होल्टांचा मोठा हिस्सा पेटीच्या पत्र्यावर उभा राहील. पावसात त्या पेटीला टेकून उभ्या राहिलेल्या माणसाला किंवा गाईला ते कळेल. काही ठिकाणी केबलीसोबत जस्तलेपित लोखंडी पट्टी वेगळी टाकतात. तेथे हा धोका पुष्कळ कमी होतो. जेथे ती नाही, तेथे सारा भार चिलखतावर असतो.

हे टाळण्यासाठी लागणारे साहित्य फार महाग नाही. तांब्याची विणलेली जाळीदार पट्टी सांध्यावरून एका बाजूच्या चिलखतापासून दुसऱ्या बाजूच्या चिलखतापर्यंत न्यावयाची, चिलखताच्या तारा घासून स्वच्छ करावयाच्या, आणि पट्ट्याने किंवा स्प्रिंगने ती घट्ट आवळावयाची. जॉइंटिंग किटमध्ये हे सारे असते. ते घालण्यास वेळ लागतो, एवढेच. घाईत तारा न घासता जाळी नुसती गुंडाळली तरी वरून काळी नळी चढली की आतले कोणाला दिसते?

केबलीचे टोक जेथे पेटीत किंवा पॅनेलमध्ये शिरते तेथे सांध्याची जागा ग्लँड घेते. ग्लँड म्हणजे पितळी किंवा ॲल्युमिनियमची आटेदार शेंबी. चिलखताच्या तारा तिच्या शंकूवर फुलासारख्या पसरवून आवळल्या की केबलीचे वजन पत्र्याने पेलले जाते, चिलखत पत्र्याशी जोडले जाते आणि पाणी आत शिरत नाही. अशी तीन कामे ती एकटी करते. तारा कापण्याचीही एक रीत आहे : करवतीने तार निम्मीच कापावयाची आणि उरलेली वाकवून मोडावयाची, म्हणजे करवतीचे दाते आतल्या आवरणाला लागत नाहीत. ॲल्युमिनियमचा गाभा उघडा पडताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो विजेला अडवितो. म्हणून गाभा ब्रशाने घासून लगेच लेप लावून लगमध्ये घालावयाचा आणि योग्य मापाच्या साच्यातच दाबावयाचा. मापाचा साचा नाही म्हणून हातोडीने लग चेपणारे कारागीर मी पाहिले आहेत. असा लग पहिल्या दिवशी उत्तम चालतो. उन्हाळ्यात भार वाढला की तो तापतो, तापून सैल होतो, सैल होऊन अधिक तापतो.

अकरा हजार व्होल्टांच्या केबलीत तर सारा खेळ मिलिमीटरचा. प्रत्येक गाभ्यावरील प्लास्टिकचा, ज्याला एक्स.एल.पी.ई. म्हणतात, थर जेमतेम साडेतीन मिलिमीटरांहून किंचित अधिक जाडीचा असतो आणि तो ६,३५० व्होल्ट अडवून धरतो. त्याच्यावर काळ्या अर्धवाहक द्रव्याचा एक पातळ पडदा असतो. सांधा करताना हा पडदा ठराविक लांबीपर्यंत सोलून काढावा लागतो. सोलताना सुरी किंचित खोल गेली, तर पांढऱ्या थरावर केसाएवढा चरा उमटतो. त्या चऱ्यात हवा राहते आणि हवेत, दिसणार नाहीत आणि ऐकूही येणार नाहीत अशा, सूक्ष्म ठिणग्या उडू लागतात. त्या प्लास्टिकला कणाकणाने पोखरतात. पडदा जेथे संपतो त्या कडेवर विजेचा ताण एकवटतो. तो विखरून देण्यासाठी खास नळी बसवावी लागते, आणि ती गॅसच्या ज्योतीने मध्यापासून टोकांकडे आकसवावी लागते, नाहीतर आत हवा कोंडते. घामाचा हात, रस्त्यावरची धूळ, पावसाचा शिंतोडा, यांपैकी काहीही येथे चालत नाही.

अशा चुकीचे फळ मिळावयास किती काळ लागावा? एका कारखान्यात मार्च महिन्यात उघड्यावरील अकरा हजार व्होल्टांच्या केबलीचे टोक बांधून झाले. मेगर लावून तपासले, आकडे उत्तम आले, बिल मंजूर झाले. जूनच्या पहिल्या पावसात मध्यरात्री ते टोक फुटले. सकाळी कापून पाहिले तेव्हा एका गाभ्यावर सुरीचा गोल चरा स्वच्छ दिसत होता. हे काम कोणी केले याची चौकशी आम्ही केली. कंत्राटदाराचे नाव बिलावर होते. ज्याने सुरी धरली त्याचे नाव कोठेच नव्हते. कंत्राटदारालाही ते सांगता आले नाही. मंजुरीच्या कागदावर सही माझी होती, हेही येथे नमूद करावयास हवे.

जुन्या पिढीतले जॉइंटर वेगळ्या शिस्तीत वाढले. त्यांच्या वेळी केबलीला तेल पाजलेल्या कागदाचे वेष्टण आणि त्यावर शिशाची नळी असे. सांधा करण्याआधी कागदाची एक पट्टी सोलून ते कढत पॅराफिन मेणात बुडवीत. चरचर आवाज होऊन फेस आला तर कागदात ओल आहे. मग केबल आणखी मागे कापावयाची. फेस येईनासा होईपर्यंत पुढचे काम नाही. हात शिकण्यास वर्षे लागत, आणि शिसे पुसून सांधा गोल करणाऱ्या कारागिराला खात्यात मान असे. आजचे किट आकसणाऱ्या नळ्यांचे, नीटस आणि झटपट. ते चांगले आहे यात शंका नाही. पण त्याने एक भ्रम निर्माण केला : कौशल्य डब्यात भरून येते, ते हातात असावयास नको. आय.टी.आय.मधून वीजतंत्री आणि तारतंत्री बाहेर पडतात, त्यांना केबल जोडण्याची तोंडओळख होते. तोंडओळख आणि खड्ड्यात बसून अकरा हजार व्होल्टांचा सांधा करणे यांत जे अंतर आहे, ते भरून काढण्याची जबाबदारी कोणाची, हे निविदेत लिहिलेले क्वचितच आढळते.

जॉइंटरच्या स्वतःच्या जिवाचा प्रश्न तर याहून निकडीचा आहे. एका खड्ड्यात चार काळ्या केबली शेजारी-शेजारी असतात. त्यांतली बंद केलेली कोणती? नकाशा जुना, खुणेचा दगड कोणीतरी उपटलेला. ‘लाइन क्लिअर’ मिळाले, म्हणजे एक केबल बंद आहे एवढेच सिद्ध झाले; समोरची केबल तीच आहे हे सिद्ध झाले नाही. म्हणून नियम असा की केबल दोन्ही टोकांना बंद करून, कुलूप लावून, भूसंपर्क करावयाचा, यंत्राने ओळखावयाची, आणि पहिला छेद माणसाने हाताने घ्यावयाचा नाही, तर दूर उभे राहून खिळा घुसविणाऱ्या उपकरणाने घ्यावयाचा. बंद केलेल्या लांब केबलीतही वीज साठून राहते, ती आधी उतरवावी लागते. ही उपकरणे प्रत्येक पथकाकडे असतात असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. हॅकसॉ मात्र प्रत्येकाकडे असतो.

या घाईला आपलाही हातभार लागतो, हे कबूल करावयास हवे. वीज जाऊन तास झाला की तक्रारकेंद्राचा दूरध्वनी खणखणू लागतो. वरिष्ठ कनिष्ठांना विचारतात, कनिष्ठ कंत्राटदाराला, आणि कंत्राटदार त्या खड्ड्यात ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाला. त्याला मोबदला मिळतो तो सांध्यामागे, तासामागे नव्हे. तीन सांध्यांच्या वेळात पाच केले तर पाचांचे पैसे. मग तांब्याची जाळी घासत बसण्याचा मोह त्याला का व्हावा? निविदा सर्वांत कमी दराची स्वीकारावयाची आणि काम सर्वांत उत्तम अपेक्षावयाचे, या आपल्या सार्वजनिक व्यवहाराचे हे जमिनीखालचे रूप आहे.

उपाय अवघड नाहीत. केबली टाकण्याबद्दल भारतीय मानक १२५५ आहे, अर्थिंगबद्दल ३०४३ आहे, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०२३ साली नव्याने आले आहेत. नियमांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो नोंदीचा. प्रत्येक सांध्याची एक नोंद असावी : जागा, तारीख, वापरलेले किट, हवामान, आणि ज्याने सांधा केला त्या कारागिराचे नाव व सही. सांधा झाकण्यापूर्वी चिलखताच्या दोन टोकांमधला विरोध मोजून तो आकडा त्याच कागदावर लिहावा. त्याशिवाय देयक मंजूर होऊ नये. मोजणीस काही मिनिटे पुरतात. अशा नोंदीने कारागिराला भीती वाटेल असे काही अधिकारी म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. ज्याचे नाव कामावर लागते तो सुरी जपून धरतो, आणि ज्याचे नाव चांगल्या कामावर दहा वर्षे टिकते त्याला दर वाढवून मागता येतो.

हे सारे वीज कंपन्यांवर सोपवून आपण स्वस्थ बसावे असेही नाही. बहुतेक गृहनिर्माण संस्थांच्या मीटरखोलीत अशीच एक चिलखती केबल येते. कशालाही हात न लावता, दारातूनच पाहावे. केबल ग्लँडमधून आत शिरते आहे, की पत्र्याला पाडलेल्या भोकातून, भोवती चिंध्या कोंबून? तिचे वजन पत्र्यावर आहे, की लगवर लोंबकळते आहे? चिलखताच्या तारा ग्लँडमध्ये गेल्या आहेत, की कापून, गंजलेल्या, नुसत्याच बाहेर राहिल्या आहेत? माझ्या स्वतःच्या इमारतीत उत्तर तिसऱ्या प्रश्नाला प्रतिकूल आले. परवानाधारकाकडून ग्लँड बसवून घेण्यास आम्हांला दोन सभा आणि एका सभासदाचा रुसवा एवढी किंमत पडली. ग्लँडची किंमत त्या मानाने नगण्य होती.

आणि रस्त्याखालच्या सांध्यांबद्दल : सरकारी मालकीच्या वीज कंपनीकडून २००५ च्या माहितीच्या अधिकार कायद्याखाली कोणीही नागरिक माहिती मागू शकतो. आमच्या गल्लीतील केबलीत सांधे किती, ते कोणत्या तारखांना झाले, कोणी केले, आणि झाकण्यापूर्वी चिलखताची मोजणी झाली होती काय, एवढेच चार प्रश्न एका साध्या अर्जात मावतात.